क्षयसंसर्गाची त्वचापरीक्षा आणि रक्तपरीक्षा : मुंबईच्या उपनगरांच्या संदर्भात

घाटकोपर, मुलुंड किंवा गोवंडी येथील एखाद्या एकखणी बिऱ्हाडात क्षयाचा रुग्ण आढळला, त्याच्या थुंकीत क्षयजंतू दिसले आणि त्याला औषधे सुरू झाली, म्हणजे वैद्यकाचे काम संपले असे पुष्कळदा मानले जाते. वस्तुतः त्याच क्षणी दुसरा प्रश्न उभा राहतो. त्याच खोलीत निजणारी त्याची पत्नी, वृद्ध आई आणि चार वर्षांचे मूल यांचे काय? त्यांना खोकला नाही, ताप नाही, वजनही घटलेले नाही. तथापि महिनोन्‌महिने एकाच हवेत श्वास घेतलेल्या या माणसांच्या शरीरात क्षयजंतूंचा शिरकाव झाला नसेलच असे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. शरीरात सुप्त राहिलेला जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, थुंकीतून वाढवता येत नाही आणि क्ष-किरणचित्रावरही बहुधा त्याची खूण नसते. म्हणून त्याचा माग आडमार्गाने काढावा लागतो. हा आडमार्ग म्हणजे हाताच्या कातडीत दिलेली एक सुई, किंवा शिरेतून काढलेले काही मिलिलिटर रक्त.

या दोन्ही परीक्षा काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, यासंबंधी रुग्णांमध्येच नव्हे तर वैद्यकव्यवसायातही बराच गोंधळ आढळतो. ज्या प्रदेशात क्षय विरळ आहे तेथे या गोंधळाची किंमत फारशी मोजावी लागत नाही. २०११ च्या जनगणनेत ९३ लाख ५६ हजारांहून अधिक लोकसंख्या नोंदलेल्या मुंबई उपनगर जिल्ह्याची गोष्ट मात्र निराळी आहे. मानखुर्द-गोवंडी भागातील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पी.एम.जी. कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींचा जो अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला, त्यात इमारतींमधील अत्यल्प अंतर, सूर्यप्रकाशाचा व खेळत्या हवेचा अभाव आणि क्षयाचा प्रादुर्भाव यांचा संबंध दिसून आला. अशा ठिकाणी संसर्ग एकदाच होऊन थांबतो असे नव्हे. तो पुनःपुन्हा होत राहतो. परीक्षेचा अर्थ लावताना ही गोष्ट दृष्टिआड करून चालत नाही.

मूळ तत्त्व समजून घेण्यासाठी थोडे इतिहासात जावे लागते. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयजंतूचा शोध जाहीर केला. पुढे १८९० मध्ये त्यांनी या जंतूच्या संवर्धनापासून काढलेला एक अर्क क्षयावरील उपाय म्हणून पुढे मांडला. ‘ट्यूबरक्युलिन’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या अर्काने रोग बरा होत नाही हे लवकरच उघड झाले आणि कॉख यांच्या कीर्तीला बराच धक्का बसला. परंतु क्षयग्रस्ताला हा अर्क टोचला असता त्याचे शरीर तीव्र प्रतिक्रिया दाखवते व अन्य माणसाचे दाखवत नाही, हे निरीक्षण वाया गेले नाही. १९०७ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी कातडी किंचित खरवडून त्यावर ट्यूबरक्युलिन लावण्याची पद्धत प्रचारात आणली; १९०८ मध्ये फ्रान्समध्ये शार्ल मांतू यांनी ते बारीक सुईने त्वचेच्या थरातच सोडण्याची रीत वर्णन केली. आपल्याकडे सर्वत्र ‘मांटू’ म्हणून ओळखली जाते ती हीच परीक्षा. मूळचा ओबडधोबड अर्क जाऊन १९३० च्या दशकात फ्लॉरेन्स सायबर्ट यांनी शुद्ध केलेले प्रथिन, म्हणजेच पी.पी.डी., आले, आणि कोपनहेगनच्या सीरम इन्स्टिट्यूटने १९५८ मध्ये तयार केलेला ‘आर.टी. २३’ हा साठा पुढे अनेक देशांत प्रमाण मानला गेला.

सुई दिल्यावर घडते ते असे. ज्याच्या शरीरात क्षयजंतू पूर्वी शिरला आहे, त्याच्या रक्तात त्या जंतूच्या प्रथिनांना ओळखणाऱ्या टी-पेशी फिरत असतात. त्वचेत तेच प्रथिन आले म्हणजे या पेशी त्या जागी जमतात, इंटरफेरॉन-गॅमा नावाचे द्रव्य सोडतात व इतर पेशींना पाचारण करतात. ही जमवाजमव होण्यास दोन दिवस लागतात. म्हणून ४८ ते ७२ तासांनी त्या जागी हाताला लागेल असा घट्ट उंचवटा तयार होतो. मोजायचा तो हा उंचवटा, हाताच्या आडव्या दिशेने, मिलिमीटरमध्ये. सभोवतालची लाली मोजायची नसते. ही चूक इतकी सर्रास होते की, मोजणाराने बोटाने चाचपून पाहिले की केवळ डोळ्यांनी, एवढे विचारले तरी निकालाच्या विश्वासार्हतेचा अंदाज करता येतो. साधारणतः १० मि.मी. वा त्याहून मोठा उंचवटा होकारार्थी समजतात, एच.आय.व्ही.बाधित व्यक्तीच्या बाबतीत ही मर्यादा ५ मि.मी. धरली जाते.

यावरून ध्यानात येईल की, ही परीक्षा जंतूची नसून शरीराच्या स्मृतीची आहे. जंतूशी गाठ पडल्याची आठवण शरीराने ठेवली आहे काय, एवढेच ती विचारते. गाठ केव्हा पडली, तो जंतू आज जिवंत आहे की मेला, तो सुप्त आहे की फुप्फुस पोखरीत आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर तिच्यापाशी नाही. शिवाय स्मृतीची फसगत होऊ शकते. बी.सी.जी. लस ही गाईच्या क्षयजंतूपासून काल्मेट व गेरँ यांनी क्षीण केलेल्या जंतूंची असल्याने तिच्यातील पुष्कळशी प्रथिने क्षयजंतूसारखीच असतात. माती-पाण्यात राहणाऱ्या निरुपद्रवी सगोत्र जंतूंचेही तसेच. पी.पी.डी. हे अनेक प्रथिनांचे मिश्रण असल्यामुळे या तिन्हींमधला भेद त्याला नीट करता येत नाही.

भारतात तर त्वचापरीक्षा आणि बी.सी.जी. यांची कथा एकमेकींत गुंतलेली आहे. १९४८ मध्ये मदनपल्ली येथून बी.सी.जी. मोहिमेस प्रारंभ झाला व १९५१ पासून ती देशव्यापी झाली. आरंभीच्या काळी आधी त्वचापरीक्षा करून, तिसऱ्या दिवशी ज्यांची प्रतिक्रिया नकारार्थी येई त्यांनाच लस टोचीत. दोनदा जमवाजमव करण्याचा हा खटाटोप फार मोठा होता. पुढे १९६० च्या दशकात पूर्वपरीक्षेविना सरसकट लस देणे सुरक्षित असल्याचे मानले जाऊन ती पायरी गळली, आणि आता तर जन्मतःच लस देण्यात येते. मुंबईतील बहुतेकांच्या डाव्या दंडावर तिचा व्रण असतो. २०२४ साली प्रौढांना बी.सी.जी. देण्याचा जो अभ्यास देशात हाती घेण्यात आला, त्यात मुंबईचाही समावेश होता. तेव्हा ज्या प्रौढांनी ती लस घेतली असेल त्यांच्या बाबतीत जुन्या ट्यूबरक्युलिनचा निकाल वाचणे अधिकच अवघड झाले आहे.

या अडचणीतून वाट निघाली ती जंतूच्या आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासातून. बी.सी.जी. तयार करताना जंतू तेरा वर्षे पुनःपुन्हा नव्या माध्यमावर वाढवण्यात आला, आणि त्याचे तेज उतरले. या प्रक्रियेत त्याने आपल्या गुणसूत्राचा एक तुकडा गमावला असल्याचे १९९० च्या दशकात निश्चित झाले. ‘आर.डी.-१’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तुकड्यात ‘ईसॅट-६’ व ‘सी.एफ.पी.-१०’ या दोन प्रथिनांचे संकेत असतात. खऱ्या क्षयजंतूत ही प्रथिने असतात, बी.सी.जी.च्या एकाही वाणात ती नसतात, आणि पर्यावरणातील बहुसंख्य सगोत्र जंतूंतही नसतात. म्हणजे याच दोन प्रथिनांना प्रतिसाद मिळतो काय एवढे पाहिले की लसीचा घोटाळा टळतो.

रक्तपरीक्षा या आधारावर उभी आहे. तिला ‘इग्रा’ म्हणतात, म्हणजे इंटरफेरॉन-गॅमाच्या स्रवणाची परीक्षा. त्वचेत जे नाट्य घडते तेच येथे काचनळीत घडवून आणायचे. प्रचलित ‘क्वान्टिफेरॉन’ पद्धतीत चार नळ्यांत प्रत्येकी सुमारे एक मिलिलिटर रक्त घेतात. एका नळीत काहीच नसते. दोन नळ्यांत वरील प्रथिनांचे तुकडे असतात. चौथीत पेशींना सरसकट उद्दीपित करणारा पदार्थ असतो. ३७ अंश सेल्सिअसवर १६ ते २४ तास ठेवल्यावर प्रत्येक नळीत किती इंटरफेरॉन-गॅमा स्रवले ते मोजतात. रिकाम्या नळीतील प्रमाण वजा जाता मिलिलिटरमागे ०.३५ आंतरराष्ट्रीय एकक ही होकाराची सीमा ठरवण्यात आली आहे. चौथ्या नळीनेही प्रतिसाद दिला नाही तर पेशीच दुर्बळ आहेत, किंवा रक्त हाताळताना बिघडले, असे समजून निकाल ‘अनिर्णित’ नोंदवतात. ‘टी-स्पॉट’ ही दुसरी पद्धत ऑक्सफर्डमध्ये विकसित झाली. तीत द्रव्य न मोजता ते स्रवणाऱ्या पेशीच मोजतात. येथे एक गंमतीची गोष्ट नोंदवण्यासारखी आहे : या रक्तपरीक्षेचा मूळ अवतार ऑस्ट्रेलियात गुरांच्या क्षयासाठी सिद्ध झाला. ट्यूबरक्युलिनलाही कॉख यांच्यानंतर गोठ्यातच भक्कम आश्रय मिळाला होता.

रक्तपरीक्षा नवी, महाग आणि यंत्राने मोजलेली. यास्तव ती श्रेष्ठ असलीच पाहिजे असा समज उपनगरांतील सुशिक्षित मध्यमवर्गात दृढ आहे. तो कितपत खरा आहे हे पाहण्यास परदेशी जाण्याचे कारण नाही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत २००४ मध्ये ७२६ आरोग्यसेवकांवर दोन्ही परीक्षा एकाच वेळी करण्यात आल्या व त्याचे निष्कर्ष मधुकर पै आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केले. त्वचापरीक्षा सुमारे ४१ टक्के, तर रक्तपरीक्षा सुमारे ४० टक्के व्यक्तींत होकारार्थी आली. दोन्ही परीक्षांचे एकमत ८१ टक्क्यांहून अधिक बाबतींत झाले आणि बालपणीच्या बी.सी.जी.चा निकालांवर फारसा प्रभाव आढळला नाही. जन्मतः दिलेल्या लसीची स्मृती वयाबरोबर ओसरते हे लक्षात घेता यात नवल नाही. पाश्चात्त्य देशांत, जेथे संसर्ग विरळ आणि लस घेतलेले स्थलांतरित पुष्कळ, तेथे रक्तपरीक्षेचा लाभ ठळकपणे दिसतो. जेथे संसर्गच विपुल आहे तेथे तो बराच फिका पडतो.

याच संस्थेतील वैद्यक व परिचर्या शाखांच्या विद्यार्थ्यांची १८ महिन्यांनी पुन्हा परीक्षा केली असता आणखी एक गोष्ट उघड झाली. प्रथम ज्यांची रक्तपरीक्षा होकारार्थी होती, त्यांच्यापैकी जवळजवळ चतुर्थांशांचा निकाल आपोआप नकारार्थी झाला होता. सीमेच्या आसपासचे आकडे असे हेलकावे खातात. ०.३३ आणि ०.३७ यांत जीवशास्त्रीय भेद जवळजवळ शून्य असताना कागदावर मात्र एक माणूस निरोगी व दुसरा बाधित ठरतो. म्हणून निकालपत्रात केवळ होकार-नकार न छापता प्रत्यक्ष आकडा द्यावा, आणि वाचणाऱ्याने तो वाचावा, ही अपेक्षा मुळीच अवास्तव नाही.

आता दोन्ही परीक्षांचा जो सर्वाधिक गैरवापर होतो त्याकडे वळले पाहिजे. अंधेरी किंवा बोरिवली येथील एखादा तिशीतला कारकून तीन आठवडे खोकत आहे असे समजा. त्याला थुंकी तपासण्यास न पाठवता ‘मांटू’ किंवा ‘गोल्ड’ करण्यास सांगितले जाते. ती होकारार्थी येते व क्षयाची औषधे सुरू होतात. यातील तर्कदोष साध्या गणितानेही दाखवता येतो. २००० ते २००३ या काळात शाळकरी वयाच्या मुलांवर त्वचापरीक्षा करून देशभर जे सर्वेक्षण झाले, त्यावरून वर्षाला सरासरी १.५ टक्के लोकांना संसर्ग होतो असा अंदाज निघाला. हा वेग कायम राहिला असे धरले तर तीस वर्षे वयापर्यंत सुमारे ३६ टक्के लोक केव्हा ना केव्हा बाधित झालेले असणार. दाट वस्तीत हा वेग दुप्पट मानला तर तेच प्रमाण ६० टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे त्या कारकुनाला खोकला साध्या सर्दीचा असला तरी त्याची परीक्षा होकारार्थी येण्याची शक्यता तीनांत एक किंवा त्याहूनही अधिक. उलट, खरोखर क्षय झालेल्या शंभर रुग्णांतील वीस-पंचवीस जणांच्या बाबतीत या परीक्षा नकारार्थी येतात; रोग जितका पसरलेला, रुग्ण जितका कृश, तितकी ही फसगत अधिक. होकारावरून रोग सिद्ध होत नाही आणि नकारावरून तो निकालात निघत नाही, अशा साधनाला रोगनिदानात स्थान कोणते उरते? जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत सक्रिय क्षयाच्या निदानासाठी इग्राचा वापर करू नये असे स्पष्ट केले. भारतीय मार्गदर्शक तत्त्वेही तेच सांगतात. अपवाद लहान मुलांचा. त्यांना थुंकी काढून देता येत नाही, म्हणून लक्षणे, क्ष-किरणचित्र व संपर्काचा इतिहास यांच्या जोडीला त्वचापरीक्षेचा आधार घेतला जातो.

रक्तपरीक्षेच्या नावाखाली याहून वाईट गोष्ट या देशात दीर्घकाळ चालली होती. रक्तातील क्षयविरोधी प्रतिपिंड शोधणाऱ्या अनेक परीक्षा बाजारात होत्या. देशात दरसाल अशा सुमारे १५ लाख परीक्षा होत असाव्यात असा अभ्यासकांचा अंदाज होता. क्षयजंतू पेशींच्या आत राहतो व त्याच्याशी मुख्य सामना टी-पेशी करतात. प्रतिपिंडांचे प्रमाण रोगाशी सुसंगत नसते. त्यामुळे या परीक्षांचे निकाल इतके बेभरवशाचे ठरले की २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांच्या विरुद्ध स्पष्ट शिफारस केली, आणि जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांची आयात, निर्मिती व विक्री यांवर बंदी घातली. इग्रा ही या बंदीत मोडत नाही. ती प्रतिपिंड मोजत नाही. परंतु दोन्ही ‘रक्ताच्या तपासण्या’ असल्यामुळे सामान्य माणसाच्या मनात त्या एकच ठरतात. बंदीनंतर जी रिकामी जागा झाली तीत इग्रा निदानाचे साधन म्हणून घुसली, ही तक्रार त्यामुळे निराधार म्हणता येत नाही. २०१४-१५ मध्ये मुंबई व पाटणा येथे प्रशिक्षित व्यक्तींनी क्षयरुग्णाची बतावणी करून खासगी वैद्यांच्या भेटी घेतल्या, तेव्हा योग्य व्यवस्थापन झालेल्या भेटींचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांश निघाले. खोकणाऱ्या माणसासाठी आज उपलब्ध असलेली साधने पाहता हे प्रमाण खेदजनक आहे. थुंकीतील जंतूचे आनुवंशिक द्रव्य ओळखणारी ‘जीनएक्स्पर्ट’, किंवा गोव्यात विकसित झालेली व २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळालेली ‘ट्रूनॅट’ ही यंत्रे काही तासांत प्रत्यक्ष जंतूचाच पुरावा देतात, आणि रिफाम्पिसिनला तो दाद देतो की नाही हेही सांगतात.

मग या परीक्षांचे खरे क्षेत्र कोणते? ते आरंभी उल्लेखिलेल्या बिऱ्हाडात आहे. वरील गणित चार वर्षांच्या मुलाला लावून पाहावे. वर्षाला दीड टक्का या वेगाने चार वर्षांत बाधित होण्याची शक्यता सहा टक्क्यांहूनही कमी. म्हणून घरात रुग्ण असताना अशा मुलाची परीक्षा होकारार्थी आली, तर तो संसर्ग बहुधा ताजा आणि घरातलाच. आणि ताजा संसर्ग हाच धोक्याचा. एकूण बाधितांपैकी आयुष्यभरात पाच ते दहा टक्क्यांनाच रोग होतो, पण त्यातील मोठा भाग पहिल्या दोन वर्षांत. एक वर्षाखालील बालकांत तर उपचाराअभावी हे प्रमाण निम्म्यापर्यंत जाते, आणि मेंदूच्या आवरणाचा क्षय होण्याचा संभव याच वयात अधिक. यासाठीच २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी पाच वर्षांखालील निकटसंपर्कातील मुलांना, सक्रिय रोग नसल्याची खात्री करून, कोणत्याही परीक्षेची वाट न पाहता प्रतिबंधक औषध देण्यास सांगितले आहे. पाच वर्षांवरील कुटुंबीयांसाठी क्ष-किरणचित्र व संसर्गपरीक्षा उपलब्ध असेल तेथे करावी. ती उपलब्ध नाही या सबबीवर औषध नाकारू नये, असा त्यांचा आशय आहे. आयसोनिआझिड सहा महिने रोज, किंवा आयसोनिआझिड व रिफापेंटिन आठवड्यातून एकदा याप्रमाणे बारा मात्रा, हे त्यातील प्रमुख पर्याय होत. परीक्षा करण्यापूर्वीच निकालानंतर काय करावयाचे हे ठरलेले असावे. ठरलेले नसेल तर परीक्षा करू नये, एवढे कठोर म्हणावयास हरकत नाही.

काळाचा एक मुद्दा येथे हमखास सुटतो. जंतू शिरल्यापासून स्मृती तयार होण्यास दोन ते आठ आठवडे लागतात. रुग्ण सापडल्याच्या दुसऱ्याच दिवशी कुटुंबीयांची परीक्षा करून ती नकारार्थी आल्यावर निर्धास्त होणे म्हणूनच चुकीचे. आठ आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते. तसेच औषध पूर्ण झाल्यावर ‘आता नकारार्थी झाली का’ म्हणून परीक्षा करणेही व्यर्थ. स्मृती औषधाने पुसली जात नाही.

व्यवहाराच्या अडचणी दोन्हीकडे आहेत. त्वचापरीक्षा स्वस्त, परंतु सुई देणारा आणि मोजणारा यांच्याकडे दोनदा जावे लागते. पहाटेची गाडी पकडून बोरिवलीहून चर्चगेटला जाणारा मनुष्य पुन्हा रजा घेऊन येईल याची शाश्वती नसते, आणि शुक्रवारी सुई दिली तर ४८ तास नेमके रविवारी भरतात. घरी बसून रुग्णाने स्वतः केलेले मोजमाप ग्राह्य नसते. रक्तपरीक्षेला एकच खेप पुरते; पण नळीतील रक्त १६ तासांच्या आत इन्क्युबेटरमध्ये पोचावे लागते, आणि मुलुंड किंवा दहिसर येथे घेतलेले रक्त शहराच्या दुसऱ्या टोकाच्या प्रयोगशाळेत पाठवले जात असता, पावसाळ्यात रुळांवर पाणी साचले की हे वेळापत्रक कोलमडते. उशीर झाला की पेशी थकतात व निकाल नकाराकडे झुकतो. लहान बाळांत ‘अनिर्णित’ निकालही अधिक.

या दोहोंचा मिलाफ साधण्याचा प्रयत्न म्हणून नव्या त्वचापरीक्षा आल्या आहेत. त्यांत पी.पी.डी.च्या जागी ईसॅट-६ व सी.एफ.पी.-१० हीच प्रथिने त्वचेत देतात. म्हणजे नेमकेपणा रक्तपरीक्षेचा आणि साधन सुईचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा तीन परीक्षांना मान्यता दिली. त्यांपैकी ‘सी-टीबी’ ही कोपनहेगनमध्ये विकसित झालेली असून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटतर्फे तयार होते, व २०२२ मध्येच तिला भारतात परवानगी मिळाली. तीत होकाराची सीमा सर्वांना ५ मि.मी. एवढीच आहे, लस घेतली की नाही याची चौकशी करण्याचे कारण उरत नाही. प्रयोगशाळेची गरज नसल्याने वस्तीतील दवाखान्यासाठी हे साधन सोयीचे. मात्र ४८ ते ७२ तासांनी परत येण्याचा जाच तिच्यातही आहेच, आणि ती शरीराच्या स्मृतीपलीकडचे काही सांगत नाही हेही पूर्ववतच.

मुंबईच्या बाबतीत ही शेवटची उणीव सर्वांत गंभीर ठरते. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे प्रमाण या शहरात चिंताजनक आहे. २०१२ च्या आरंभी हिंदुजा रुग्णालयातील चिकित्सकांनी नोंदवलेल्या, तपासलेल्या एकाही औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाच्या रुग्णांवरून देशभर चर्चा झाली होती. नेहमीच्या प्रतिबंधक उपचारातील आयसोनिआझिड व रिफापेंटिन ही औषधे अशा जंतूपुढे निष्प्रभ ठरतात. आणि संसर्गपरीक्षा होकारार्थी आलेल्या त्या चार वर्षांच्या मुलाच्या शरीरातील जंतू कोणत्या जातीचा आहे, हे ना त्वचा सांगते ना रक्त. जंतू हाती लागलेलाच नसतो. त्याचा एकमेव मागमूस घरातील रुग्णाच्या थुंकीत असतो. त्या थुंकीची औषधसंवेदनशीलता तपासली गेली असेल, तर त्यावरून मुलाचे औषध ठरते. बहुऔषधप्रतिरोधी क्षयाच्या संपर्कात असलेल्यांना सहा महिने लेव्होफ्लॉक्सासिन देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये केली ती याच आधारावर लागू करता येते. ती थुंकी तपासलीच गेली नसेल, किंवा तिचा अहवाल एका दवाखान्यात आणि मुलाचा कागद दुसऱ्या दवाखान्यात असेल, तर मुलाच्या हातावरील उंचवटा कितीही अचूक मोजला तरी त्याला कोणते औषध द्यावे हे वैद्याला सांगता येत नाही. म्हणून निकटसंपर्कातील प्रत्येकाच्या परीक्षेच्या कागदावर पहिली नोंद हवी ती मूळ रुग्णाच्या थुंकीच्या अहवालाची, त्याच्या तारखेसह.